उजवीकडची दाढ

लवंग ठेचल्याचा वास आला की निजामाच्या राजवटीतलं, हिंगोलीच्या हकिमाचं ते कोंदट दुकान आठवतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि माझ्या डाव्या जबड्यातून कानापर्यंत अशी कळ जायची की घास चावता येत नसे. सासरे मला नरसीहून बैलगाडीनं घेऊन गेले. मी हनुवटीपर्यंत पदर ओढून बसले. सासऱ्यांसमोर सुनेनं तोंडातून शब्द काढायचा नाही, ही आमच्याकडची रीत. हकिमानं विचारलं, "किधर दुखता है?" घरी सासरे मला समोरून गाल धरलेली बघायचे, म्हणून आरशात दिसावं तसा त्यांनी स्वतःच्या उजव्या गालाला हात लावला. "इकडं, हकीमसाब. लई तकलीफ हाय पोरीला." मी पदराआड जोरजोरात मान हलवली. "लेकरू भिऊन राहिलं," ते कळवळून म्हणाले. मग माझं उघडं तोंड दिसू नये म्हणून ते भिंतीकडं वळले, हकिमाच्या बायकोनं माझे दोन्ही हात धरले, आणि आता बोलावं तर तोंडात चिमटा होता. चांगली धड दाढ गेली. परतताना सासऱ्यांनी गाडीत मायेनं विचारलं, "आता बरं हाय ना?" तोंड रक्तानं भरलेलं, मी मान डोलावली. आजही त्या वासासरशी जीभ उजवीकडच्या रिकाम्या जागेवर जाते, आणि दुखतं डावीकडं.