पदराआडचा प्रश्न

लहानपणी गालगुंड झालं आणि माझा उजवा कान गेला. शांत खोलीत मला सगळं ऐकू यायचं. गर्दीत मात्र आवाजांचा नुसता कालवा व्हायचा, मग मी बोलणाऱ्याच्या ओठांवर नजर ठेवायची. वडिलांची मद्रासला बदली झाली, तेव्हा तमिळसुद्धा मी अशीच शिकले. आईवडिलांना वाटायचं, कान केव्हाच बरा झाला. खरं काय ते फक्त ताईला ठाऊक होतं. टी. नगरच्या दुकानांत ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहून दुकानदाराचं बोलणं मला हळूच सांगायची.

ताईचं लग्न मद्रासमधल्याच एका मराठी घरात झालं. तिच्या सासूबाईंनी मला नात्यातलंच स्थळ आणलं. मंडळी घरी आली, छान गप्पा झाल्या, माझा एकही शब्द चुकला नाही. नंतर मी ताईला म्हटलं, "कानाचं सांगून टाकू या."

"काही गरज नाही. तुझं कुठे अडतंय?"

मी गप्प बसले.

पुढे ताईच्या दिराच्या लग्नात मला सांगून आलेल्या मुलाची आई भेटली. मांडवात सनईसारखं नादस्वरम टिपेला पोचलं होतं. त्या माझ्या उजवीकडे येऊन बसल्या. मी वळले, तसा त्यांनी तोंडावर पदर धरला आणि काहीतरी विचारलं. मला दिसले ते फक्त त्यांचे डोळे. मी हसून मान हलवली.

त्यांनी पदर खाली घेतला. आता ओठ स्पष्ट दिसत होते. "मी विचारलं, तुझी आई कुठे बसलीय?"

मी ताईला शोधलं. ती खांबापाशी उभी राहून आमच्याकडेच बघत होती. नजरानजर होताच ती वळली.

नंतर ताई आमच्या घरी आली, तेव्हा मी विचारलं, "तू सांगितलंस?"

"सासूबाईंना कुठूनतरी संशय आला होता. त्यांनी सरळच विचारलं. मला त्या घरात राहायचंय."

"मग मला का सांगू दिलं नाहीस?"

तिनं माझा हात धरला, मी तो सोडवून घेतला.

स्थळ मोडलं. मुलीनं लपवलं, असं नातेवाइकांत झालं. गप्प राहायला मला कोणी सांगितलं होतं, हे ताईनं कधीच कुणाला सांगितलं नाही. ते मला अधिक लागलं.

पुढे मी शिक्षिका झाले, लग्नही केलं. कानाचं नवऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ताईशी बोलणं तुटलं नाही. सणावारी भेटायचो, तिची मुलं माझ्या अंगाखांद्यावर खेळली. मनातलं मात्र मी तिला पुन्हा कधी सांगितलं नाही.