पडद्याची दोरी

माझी मुलगी 'प'ला अडायची. पाणी, पोळी, पाटी, पाऊस. यातला कुठलाही शब्द आला की तिचे ओठ मिटायचे, मान जराशी पुढे यायची आणि शब्द आतल्या आत धडका देत राहायचा. मग तो शब्द मीच बोलून टाकायचो. "पाणी ना? हे घे." तिचं काम व्हायचं, माझाही वेळ वाचायचा. यात बाप म्हणून आपलं काही चुकतंय, असं मला तिच्या वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत एकदाही वाटलं नाही. बायको म्हणायची, "अहो, बोलू द्या की तिला." मी म्हणायचो, "अडते म्हणूनच मदत करतो ना? उगाच करतो का?"

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. तारापूरला वीजप्रकल्पाचं बांधकाम जोरात होतं आणि तिथे अवजड सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामावर माझी देखरेख असायची. बोईसरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. दिवसभर दोरखंड, कप्प्या, शिट्ट्या आणि माझं ओरडणं. हा माणूस तोंडात शिट्टी घेऊनच जन्माला आला असणार, असं माझ्या हाताखालचे लोक माझ्या पाठीमागे म्हणत. ते मला माहीत होतं आणि थोडंफार आवडतही होतं.

मुलगी गायची तेव्हा मात्र कुठेही अडायची नाही. गाण्यातला 'प' सरळ येऊन सरळ जायचा. हे कसं काय, याचं मला भारी कुतूहल होतं. म्हणून पालघरला एक मास्तर मुलांना संगीत नाटक शिकवतात असं बायकोने ऐकून आणल्यावर मी हो म्हटलं. हे मास्तर तरुणपणी नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करत. कंपनी बुडाली तेव्हा त्यांनी पायपेटी तेवढी वाचवली आणि ते पालघरला बहिणीकडे येऊन राहिले. दर रविवारी सकाळी शाळेतली एक खोली त्यांना वापरायला मिळायची.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मुलीला जवळ बोलावलं. "कुठून आलीस, बाळ?"

"बोईसर."

"आणि आलीस कुठे?"

तिचे ओठ मिटले.

"पालघर," मी म्हणालो.

मास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तिला आत घेतलं आणि दार लावता लावता मला म्हणाले, "आईवडिलांनी बाहेर बसायचं."

आता बंद दार दिसलं की मला आत काय चाललंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी व्हरांड्यात बसून कान लावला. गाणं नाही, ताल नाही. पायपेटीचा एकच सूर लांबच लांब चाललेला आणि त्याखाली कसलीशी सळसळ. परतीच्या गाडीत मुलीला विचारलं, "काय शिकवलं?"

"तांदूळ निवडले."

"आणि गाणं?"

"निवडता निवडता."

पुढच्या रविवारीही तेच. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, "नाटकबिटक काही नाही. मास्तरांच्या बहिणीला फुकटात डझनभर मोलकरणी मिळाल्यात." बायको हसली, पण माझ्या डोक्यातून ते तांदूळ जाईनात. नाटकाचा आणि तांदळाचा संबंध काय? प्रकल्पावर माल उतरवतानाही मी तोच विचार करत होतो.

तिसऱ्या रविवारी मला राहवलं नाही. व्हरांड्यात जवळच्या मुरबे गावची एक मासेविक्रेती बसायची. तिची मुलगी आमच्या मुलीबरोबर शिकत होती. मासे विकून झाले की रिकामी पाटी शेजारी ठेवून ती भिंतीला टेकून डोळे मिटायची. तिचे डोळे मिटलेले बघून मी खिडकीशी गेलो. एका फळीला फट होती.

आत सगळी मुलं गोल करून बसलेली. प्रत्येकापुढे ताट आणि ताटात तांदूळ. कोपऱ्यात मास्तर पायपेटीचा सूर धरून. एकेक मूल तांदूळ निवडत निवडत आपलं वाक्य बोलत होतं आणि त्याच सुरातून उचलून पदाची ओळ म्हणत होतं. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, ते मलाही सांगता आलं नसतं. मला ते आवडलं. मी फटीला डोळा अधिकच चिकटवला. तेवढ्यात माझ्या मुलीची पाळी आली.

"ही राजवाड्याची..." एवढं म्हणून ती अडली. आदल्या रात्रीच तिची वही चाळल्यामुळे पुढचा शब्द मला माहीत होता. मास्तरांनी सूर सोडला नाही आणि तिच्याकडे पाहिलंही नाही. मुलं तांदूळ निवडतच राहिली. 

"पायरी!" मी खिडकीतून ओरडलो.

सूर थांबला. सगळी मुलं माना वर करून आधी खिडकीकडे आणि मग तिच्याकडे बघायला लागली. मुलीने मात्र मान ताटात घातली, ती वर काढलीच नाही.

मी मागे वळलो तर मासेविक्रेती डोळे टक्क उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "दादा, ते तांदूळ दर रविवारी तेच असतात, ठाव हाय का? आन् खडेपन तेच. मास्तर घरी नेऊन परत मिसळतात."

"कशाला?"

"एक पोर अडली का बाकीच्यांनी तिच्या तोंडाकडं बगू नाय म्हनून. नजर तांदळात. माझी पोरबी पयल्यांदा लय घाबरायची." मग पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, "तुमी तिला बोलू देत नाय, दादा."

बायको हेच कधीपासून सांगत होती. पण सोनारानेच कान टोचावे लागतात. त्या व्हरांड्यात मला माझीच लाज वाटली. परतीच्या गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. उमरोळी स्टेशन गेल्यावर एवढंच म्हणाली, "मला येत होता तो शब्द." घरी पोचल्यावर तिने आईला सांगितलं, की बाबा येणार असतील तर मी जाणार नाही.

मग बायको न्यायला लागली. रविवारची सकाळ मी बोईसरच्या खोलीत येरझाऱ्या घालून काढायचो. घरात मी तोंडाला कुलूप घातलं, निदान तसा प्रयत्न केला. पण थांबणं हे काय काम आहे, ते मला तेव्हा कळलं. ती जेवताना "प..." म्हणून थांबली की पोळीची दुरडी आपोआप माझ्या हातात यायची. मी ती खाली ठेवायचो आणि ताटाकडे बघायचो. कधी जमायचं, बरेचदा नाही. आणि ती बोलता बोलता आता कुठवर आली आहे, मोठी माणसं समोर असताना तिला जमेल का, हे विचारायची चोरी होती. काही विचारलं असतं तर तीही मदतच झाली असती.

दोन महिन्यांनी मास्तरांचा निरोप आला. रविवारी दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव घालून मुलांचं नाटक होणार होतं आणि पडदा ओढायला मला बोलावलं होतं. मी सकाळीच गेलो. खाली बांबू शिवलेला गुंडाळीचा पडदा होता. कप्प्या गंजलेल्या. त्या सोडवून, तेल घालून नीट बसवल्या. मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

"दोरी धरली की पडदा वर, सोडली की खाली. शेवटी माळणीचं पद आहे. ते संपलं की सोडायची. त्याआधी कोणी अडो, रडो, पडो, दोरी सुटता कामा नये."

"माळीण कोण?"

"तुमची मुलगी."

"मग दोरी दुसऱ्या कोणाला द्या," मी म्हणालो. खरंच म्हणालो. मला माझा भरवसा नव्हता.

"दोरी कोणाला द्यायची ते तिनेच सांगितलंय," मास्तर म्हणाले आणि पायपेटीकडे गेले.

नाटक मास्तरांनीच रचलेलं होतं. एका राजाला झोप प्रिय, म्हणून त्याने राज्यात पहाट झाली असं म्हणायलाच बंदी केलेली. प्रधान घाबरतो, राणी घाबरते. राणी म्हणजे मुरब्याच्या मासेविक्रेतीची मुलगी. तिने दोन पदं अशी ठणकावून म्हटली की तिची आई मांडवात उठून उभीच राहिली. शेवटी फुलांची परडी घेऊन माळीण येते आणि राजाला तोंडावर सांगते, "पहाट झाली, महाराज." मग पद, मग पडदा.

ती आली. मी विंगेत, ती माझ्यापासून दहा पावलांवर. मास्तरांनी सूर दिला. तिने राजाकडे पाहिलं आणि तिचे ओठ मिटले.

मांडवात कोणापुढे तांदूळ नव्हते. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मागून कोणीतरी फिसकन हसलं. प्रकल्पावर टनावारी वजन माझ्या शिट्टीवर अधांतरी लटकायचं, तेव्हा दोर सोडायचा विचार मला कधी शिवला नव्हता, तो आता आला. दोरी सोडली की पडदा पडणार, हसणारे पडद्यापलीकडे राहणार, आणि ती माझ्याजवळ सुखरूप. माझी मूठ ढिली झाली. बांबू वीतभर खाली आला आणि हेलकावू लागला.

तिने वर बांबूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती रागावली नव्हती, घाबरलीही नव्हती. तिचा हात परडीत गेला आणि बोटांनी ती एकेक फूल बाजूला सारायला लागली, तांदळातला खडा शोधावा तशी.

मी दोरी पुन्हा ताणली, बांबू वर नेला आणि मान खाली घातली. फटीतून डोकावणारा मी, पण त्या वेळी तिच्याकडे पाहिलं नाही. दोरीचे पीळ मोजायला लागलो. एक, दोन, तीन. सूर चालू होता. अकराव्या पिळावर माझ्या कानावर आलं,

"पहाट झाली, महाराज."

वाक्याच्या शेवटाला धरूनच पद उठलं. फुलांची नावं घेत घेत सूर्याला हाक मारणारं ते पद होतं, त्यात पारिजातक होता, पांढरी शेवंतीही होती. 'वन्स मोअर'चा पहिला आवाज मुरब्याच्या मासेविक्रेतीचा होता, हे मी शपथेवर सांगतो. तिने पद पुन्हा म्हटलं. मला दोरीचे पीळ दिसेनासे झाले, कारण डोळे भरून आले होते.

पद संपलं. टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या. राजा दाढी खाजवायला लागला. मास्तर खाकरले. माझ्या लक्षातच येईना की सगळे कशासाठी खोळंबलेत.

मुलगी दोन पावलं विंगेकडे आली आणि सगळ्या मांडवादेखत म्हणाली, "बाबा, प..."

ओठ मिटले.

आता कळलं मला. शब्द मला माहीत होता. राजाला, राणीला, मास्तरांना, मांडवातल्या लहानातल्या लहान पोराला माहीत होता. दोरी माझ्या मुठीत होती. कोणी बोललं नाही. मीही बोललो नाही आणि मूठही सोडली नाही.

"...पडदा," ती म्हणाली.

मग मी दोरी सोडली.