रांगेत हुशार

लहानपणच्या मला कधी भेटता आलं, तर मी तिला शहाणपण सांगत बसणार नाही. आधी तिच्या कमरेवरची पितळी घागर काढून घेईन आणि तिच्यादेखत दगडावर आपटीन. चांगला पोचा पडला पाहिजे. मग घरचे म्हणतील, "ही पोर काही कामाची न्हाई," आणि तिचं भलं होईल.

पण तसं झालं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते आणि दुर्दैवाने कामाची निघाले.

आमचं गाव रेणापूरकडचं. दादा, म्हणजे आमचे वडील, आणि माय दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. भाऊ चार वर्षांचा, त्याचं नाक पुसायलाच एक माणूस लागायचं. पाण्याला उरले मी. विहिरीच्या तळाशी एक झिरा तेवढा जिवंत होता. पाणी वाटीवाटीनं साचायचं आणि वर घागरींची रांग. ज्यांना थांबायला सवड नसायची त्या बायका घागरीच्या जागी दगड ठेवून कामावर जायच्या, कुणी तुटकी चप्पल ठेवायची. कुठला दगड कुणाचा हे साऱ्या गावात मला एकटीला पाठ होतं. पाढे नव्हते, दगड होते.

एकदा शेजारची काकू म्हणाली, "जा गं, भाकर खाऊन ये. मी बघते तुझी घागर." मी गेले. आले तर माझी घागर रांगेच्या शेवटी आडवी पडलेली, आणि काकू आपली भरून घरी. संध्याकाळी माय कामावरून आली, तर घरात तांब्याभरही पाणी नव्हतं. ती पदरानं ओठ पुसून नुसती उंबऱ्यावर टेकली. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी रांग सोडली नाही. ऊन असो, लघवी लागो, शाळेची घंटा होवो.

मग कौतुक सुरू झालं. "लई गुणाची पोर!" आपल्याकडे गुणाची म्हणायचं आणि हातात आणखी एक घागर द्यायची. मी मूर्ख, फुगायची. दुसऱ्याची घागर भरून द्यायची आणि वर विचारायची, "अजून हाय का?"

दुष्काळ सरला, पण माझी नेमणूक सरली नाही. रेशनच्या साखरेची रांग, रॉकेलची रांग, जत्रेत दर्शनाची रांग. सगळीकडे मी.

पुढं लातूरचा जिल्हा झाला. गावात गुलाल, पेढे. दादा म्हणाले, "आता कचेरी उशाशी आली, कागदासाठी लांब हिंडायचं सरलं." सरलं कसलं! नव्या जिल्ह्यात टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या, आणि जुने कागद जुन्या जिल्ह्यातच होते. गावात प्रत्येकाला कुठला ना कुठला दाखला हवा होता. रांगेला कोण उभं राहणार? "आपली पोरगी हाय की!"

त्या वर्षी मी बारावी पास झाले होते आणि मला डी.एड. करायचं होतं. मास्तरीणबाई व्हायचं, हातात खडू, समोर पोरं बसलेली आणि आपण उभ्या. उभं राहायची सवय होतीच, म्हटलं जरा पगारावर उभं राहू. फॉर्म भरून तयार होता. शेवटच्या दिवशी मी एसटीनं लातूरला निघाले, तर आमचे काका फाट्यावर आडवे आले. "चाललीसच तर माझ्या पोराचा उत्पन्नाचा दाखला आण गं. आज न्हाई मिळाला तर त्याचा आयटीआय हुकंल."

आधी माझा फॉर्म देऊन मग दाखल्याला जायचं, एवढी अक्कल नऊ वर्षांच्या पोरीलाही असते. मला नव्हती. कचेरी स्टँडपासून जवळ होती आणि रांग मोठी दिसली. रांग मोठी दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळत.

चार वाजले तेव्हा माझ्यापुढे सहा माणसं होती. फॉर्म घ्यायची खिडकी लातूरच्या दुसऱ्या टोकाला आणि पाचला बंद. मी सारखी पिशवीत हात घालून फॉर्म चाचपत होते. मागची बाई म्हणाली, "काय हुडकायलीस?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अगं मग जा की! रिक्षा कर. मी धरते तुझी जागा."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. कपाळावर गोंदण, काखेत झोपलेलं लेकरू. ती खरंच धरणार होती. पण माझ्या डोळ्यांसमोर आडवी पडलेली घागर आली. मी म्हणाले, "नको मावशी. मी रांग सोडत न्हाई."

काय तो ताठा! जणू कुणी शिलालेख कोरून ठेवणार होतं.

सव्वापाचला दाखला मिळाला. मी तरी धावत गेले. खिडकी बंद होती. आतला शिपाई कुलूप लावताना म्हणाला, "उद्या न्हाई आता, पुढल्या साली."

घरी काकांनी दाखला दिव्यापुढे धरून पाहिला. "लई गुणाची पोर!" मायनं विचारलं, "तुझं झालं का गं?" मी म्हणाले, "झालं." नंतर यादी लागली तेव्हा सांगितलं, नंबर लागला नाही. पुढल्या सालापर्यंत माझं लग्न होऊन मी नांदेडला आले होते. चुलतभाऊ आयटीआय करून नोकरीला लागला. आणि तेव्हापासून घरात कुणाचा निकाल लागला की भाऊ हसत सांगतो, "आमची अक्का रांगेत हुशार, अभ्यासात जरा कच्ची." मीही हसते. पोरांना रंगवून सांगते. इतक्या वेळा सांगितलं की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी तिथं भावाकडे गेले होते. भाचीची प्रवेश परीक्षा आठ दिवसांवर. सकाळी गल्लीत टँकरचा आवाज झाला तशी ती पुस्तक पालथं घालून उठली, दोन्ही हातांत घागरी. शेजारीण गॅलरीतून म्हणाली, "माझी पण एक घे गं, गुणाची माझी बाई!" आणि पोरगी फुगली. अगदी माझ्यासारखी.

मी तिच्या हातातल्या घागरी ओढल्या. ती म्हणाली, "आत्या, तू जातीस का?" सवयीनं माझा पाय चपलेत गेला होता. तो बाहेर काढायला मला जेवढं बळ लागलं, तेवढं बाळंतपणात लागलं नाही. घागरी नेऊन भावापुढे ठेवल्या. तो पेपर वाचत होता.

"मी?" तो म्हणाला. "मला न्हाई जमत अक्का, तिथं बायका भांडतात."

"भांड मग तू पण."

तासाभरानं आला. शर्ट भिजलेला, एक घागर अर्धी, दुसरी रिकामी. कुणीतरी त्याला मागं ढकललं होतं. भावजय हसली, भाचीनं वर पाहिलं आणि परत पुस्तकात डोकं घातलं. त्या अर्ध्या घागरीत चहा झाला, भात शेगडीवर चढला. अंघोळी राहिल्या, बस. कुणी मेलं नाही.

आणि मला एकदम संताप आला. एवढंच होतं होय? मी तिथंच, शेगडीशेजारी, भावाला पहिल्यांदा सगळं सांगितलं. दाखला, खिडकी, मागची बाई, कुलूप. तो ओला शर्ट झटकायचा थांबला.

मग म्हणाला, "मग तवाच सांगायचं की गं, अक्का."

इतकी वर्षं मी लहानपणच्या मला काय सांगावं याचा विचार करत होते. यानं अर्धी घागर आणून एका वाक्यात सांगून टाकलं. मी कपाळावर हात मारला आणि त्याला म्हटलं, "जा, टँकर अजून उभा हाय. दुसरी भरून आण."