चार बोटं जादा

आमच्या थोरल्या जाऊबाई, आक्का, कापडाला कात्री लावताना जेवढ्या घाबरतात, तेवढं माणूस ऑपरेशनच्या टेबलावर चढतानाही घाबरत नसेल. आधी हात धुणार, मग देवाला नमस्कार, मग कापड पुन्हा एकदा मोजणार. शनिवार असला, अमावस्या असली, शेजारी कुणी शिंकलं, तरी कात्री परत डब्यात. आमच्या काष्टी गावात अर्ध्या गल्लीची झबली आक्कांनी शिवली, पण प्रत्येक झबल्याआधी त्यांना घाम फुटलेला मी पाहिलाय. आणि शिवणीत आत कापड किती ठेवणार? चार बोटं. बारशाचं झबलं उसवून उसवून पोरानं बालवाडीत घालावं.

हा धसका त्यांनी घेतला तो माझ्यामुळे. नवी नवरी म्हणून आले तेव्हा माझ्याजवळ शिवणक्लासचं सर्टिफिकेट होतं आणि ते मी आल्यागेल्याला दाखवत असे. आक्कांच्या एकुलत्या एका खणाचं पोलकं मी बरोबर खडूच्या रेघेवर कापलं. जादा कापड सोडणं मला अडाणीपणाचं वाटायचं. पुढच्या लग्नात ते घट्ट पोलकं घालून आक्कांना हात वर करता येईना. अक्षता त्यांनी कमरेपासून फेकल्या, आणि विचारलं त्याला खांदा दुखतोय म्हणून सांगितलं.

यंदाच्या उन्हाळ्यात आक्कांच्या नातीला नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात नोकरी लागली. सोमवारी पहिला दिवस. पत्र्याखाली पोर उकडून निघेल म्हणून आक्कांनी आपल्या आईनं दिलेलं मऊ सुती पातळ काढलं. मधे विरलेलं, पदराकडचं तेवढं धड; एका टॉपपुरतं. नातीनं मोबाईलवरून पॅटर्न काढून झेरॉक्सच्या दुकानात छापून आणला. त्याच्या कोपऱ्यात एक चौकोन होता.

"ह्यो चौकोन कशापायी?" आक्कांनी विचारलं.

"शोभेला," मी म्हणाले. सर्टिफिकेटवाली ना मी. वर रेघेवरच कापा म्हणून दोनदा दटावलं.

रविवारी कच्च्या टाक्यांवर टॉप घालायला गेली तर नात आतच अडकली. दोन्ही हात वर, तोंड आत. मग मोबाईलवर वाचलं, छापून आल्यावर तो चौकोन पट्टीनं मोजून बघायचा असतो, माप बरोबर आलंय का ते. दुकानदारानं कागदात मावावं म्हणून सगळंच बारीक छापलं होतं. दुसरं कापड नाही आणि संध्याकाळी तिची एसटी. आक्का हळूच म्हणाल्या, "धाकटे, वरडू नगं. तू चहा टाकाया गेल्तीस तवा म्या रेघंच्या भाईर कापलंय. चार बोटं."

शिवणी उसवल्या, काखेत खोल घेतलं, टॉप अंगावर बसला. तरीही आत बोटभर उरलंच. ते राहू दे, पोर अजून वाढायची हाय, असं आक्कांचं म्हणणं. पोर तेवीस वर्षांची आहे.

हल्ली आक्का फार वाळल्यात. त्यांची पोलकी दर दोन महिन्यांनी मी बोटबोट आत घेते. शिवणीत कापडाचा थर झालाय. टोचतं, कापून टाक एकदाचं, म्हणतात. मी आज शनिवार आहे म्हणून सांगते. वार कुठलाही असो.