मध्येच येणारा हात

विज्ञानाच्या बाईंचा हात म्हणजे शाळेतलं कौतुक होतं. खडू बोटांत धरला की फळ्यावर एका दमात हृदय उतरायचं, झडपा आणि नळ्यांसकट. लाल-निळ्या खडूंनी बाई त्यात रक्त खेळवायच्या. व्हरांड्यातून जाणारा शिपाईही घटकाभर थबकायचा.

मग शाळेत मोठा पडदा आला. तो फळ्याच्या छातीवरच ठोकला आणि बाईंचा हात बेकार झाला. पडद्यावर बोट टेकलं की हृदय आपलं आपण धडधडायचं, गिरक्या घ्यायचं, पोट उघडून आतलं दाखवायचं. बाई मागच्या बाकावर बसून बघायच्या आणि पर्समधला खडूचा तुकडा बोटांनी कुरवाळत राहायच्या. तो वापरायचा कुठं, हा प्रश्न होता.

पडद्याचं सगळं एक तरुण सर बघायचे. मुलं त्यांना पडदासर म्हणत. पोरगा वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर निदान मनातल्या मनात चार शिव्या हासडता आल्या असत्या.

त्यात नवीन टूम निघाली. मुलांनी स्वतःच्या हातांनी करून शिकायचं आणि शिक्षकांनी तोंड कमी चालवायचं. तपासणीच्या मॅडम सातवीचा एक तास बघायला येणार होत्या. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, बाईंना बोलावून घेतलं.

"सातवीचं विज्ञान कुणाकडे द्यायचं, ते या तासावर ठरेल. नाहीच जमलं तर तुम्ही वाचनालय बघा. शांत जागा आहे."

"शांतता काय, मेल्यावर भरपूर मिळेल," बाई म्हणाल्या. मनात म्हणायचं ते तोंडातून गेलं होतं.

रंगीत तालीम झाली. विषय होता विजेचा: सेल, बल्ब, वायर, बटण, मुलांनी जोडायचं आणि दिवा पेटवायचा. पडदासरांनी प्रत्येक टेबलाच्या वर एक टॅब टांगला, म्हणजे मुलांची करामत आळीपाळीनं मोठ्या पडद्यावर दिसेल आणि चित्रणही होईल. शाळा सुटल्यावर त्यांनी ते चित्रण बाईंना लावून दाखवलं. बाई आपलंच काम बघायला पदर सावरून बसल्या.

पडद्यावर टेबल आलं. पोरांची डोकी आली. एका मुलीनं वायर उचलली, तेवढ्यात वरून एक हात आला. त्यानं वायर काढून घेतली, टोक सोललं, बल्बला गुंडाळलं. दुसरं टेबल आलं. पुन्हा तो हात. मुलाचं बोट सेलकडे निघालेलं, हातानं ते बाजूला सारलं.

"हा मध्ये मध्ये कुणाचा हात येतोय हो?" बाईंनी विचारलं.

पडदासरांनी मान खाजवली. "बाई... तुमचाच."

नखात खडू होता. ओळखायला पाहिजे होता.

"पुढं पळवा."

"पळवलं, बाई. पुढंही तोच आहे."

त्या दिवसापासून बाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. घरी भाजी चिरताना सुरी थांबे, झाडू मारताना झाडू थांबे. नवरा जन्मभर ड्रायव्हर, आता घरी बसलेला. तो म्हणाला, "अगं, पोरं आहेत, करतील."

"करतील म्हणे! तुम्ही बोलू नका. लेक गाडी चालवते आणि तुम्ही शेजारी बसून पाय आपटता. तिथं ब्रेक आहे का?"

"नाही, म्हणून तर गाडी पुढं जाते. असता तर आपण अजून दारातच असतो."

एरवी बाई हसल्या असत्या. आज त्यांच्या डोक्यात एकच भुणभुण होती: हात पडद्यावर दिसता कामा नये. पण हात लावला नाही आणि दिवेच पेटले नाहीत तर? सातवी गेली, वाचनालयाच्या किल्ल्या आल्या. विचार करकरून शेवटी त्यांना तोडगा सुचला. सामानाच्या सगळ्या पिशव्या त्यांनी घरी आणल्या, जमिनीवर मांडल्या आणि प्रत्येक वायर स्वतः सोलून, जोडून, दिवे पेटवून पाहिले. पोरांना फक्त बटण दाबायचं ठेवलं. आता हात मध्ये घालायची वेळच येणार नव्हती. समाधान वाटलं, पण झोप काही लागली नाही.

तपासणीच्या मॅडम मागच्या बाकावर बसल्या. शेजारी मोठ्या बाई. मुलांनी पिशव्या उघडल्या, बटणं दाबली आणि सगळे दिवे एकदम लागले. टाळ्या पडल्या. पडद्यावर बाईंचा हात कुठंही नव्हता.

मग टाळ्या थांबल्या. तास अजून सगळाच्या सगळा पुढं उभा होता.

पहिल्या टेबलावर एक मुलगी होती, सतत काहीबाही गुणगुणत असायची म्हणून तिला सगळे भुंगा म्हणत. तिनं विचारलं, "बाई, आता काय करायचं?"

"बघा दिव्याकडं."

"बघितलं."

"मग विझवा."

"विझवला."

"परत लावा."

मागं कुणीतरी खुसखुसलं. तपासणीच्या मॅडमनी मुलांनाच विचारलं, "तुम्ही काय काय केलंत रे?"

"बटण दाबलं," भुंगा म्हणाली. "बाकी सगळं बाईंनी घरून करून आणलंय."

पडदासर हळूच जवळ आले. "बाई, पडद्यावर खेळ लावू का? तेवढाच तास निभेल."

माणूस मनापासून वाचवायला आला होता. पण तास निभला असता आणि सातवी गेली असती, हे बाईंना लख्ख दिसलं.

"नको."

त्या पहिल्या टेबलाकडे गेल्या आणि जोडलेलं सगळं उपटलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सोललेल्या तारांची टोकं कात्रीनं कचाकच छाटली, बल्ब काढले आणि सगळ्याचा मधल्या टेबलावर ढीग घातला.

"घ्या. जोडा."

"कसं जोडायचं?"

"मला काय ठाऊक!"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बाईंना ठाऊक नाही? आणि मग जी झुंबड उडाली! सेल उलटे लागले, वायरींच्या गाठी बसल्या, कुणी बटणालाच बल्ब समजून बसलं. बाईंनी हात मागं नेले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट पकडलं. तो हात आतल्या आत उसळत होता. त्या खिडकीशी गेल्या, दाराशी गेल्या, परत आल्या. चपलेतली बोटं जमिनीवर दाबली जात होती. नवऱ्याचा ब्रेक आठवला आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

कोपऱ्यात एक दिवा लागला. किंचाळी फुटली. मग दुसरा, तिसरा. भुंगाचा मात्र लागेना. पडद्यावर तिची वायर हत्तीच्या सोंडेएवढी दिसत होती. एका टोकाचं प्लास्टिक तिनं सोललंच नव्हतं. बाईंनी जीभ दातांत धरली.

"बाई, आमचाच का पेटत नाही?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्हाला माहितीय."

"असेल. सांगणार नाही."

भुंगानं गाल फुगवले आणि पुन्हा वायरीत डोकं खुपसलं. घंटा झाली तेव्हाही तिचा दिवा विझलेलाच होता.

दुपारी मोठ्या बाईंनी बोलावलं. "मॅडम म्हणाल्या, पहिला भाग भयंकर होता."

"होता."

"आणि एक दिवा शेवटपर्यंत लागला नाही, तेही लिहून घेतलंय त्यांनी."

"घेऊ देत. उद्याचा तास त्या दिव्यापासूनच सुरू करणार होते." बाई थांबल्या. "म्हणजे, तास माझ्याकडे असला तर."

"असणारच. मॅडमनी विचारलं, उद्या येऊन बघू का, त्या पोरीचं काय होतंय. आता मी त्यांना वाचनालय दाखवू?"

बाई बाहेर आल्या. शाळा सुटली होती. पायरीवर भुंगा बसलेली, मांडीवर सेल, बल्ब आणि तीच वायर. बाईंचा उजवा हात आपोआप पुढं सरकला. त्यांनी तो पर्समध्ये घातला आणि खडूचा तुकडा मुठीत आवळला.

"बाई, सांगू नका हं!"

"मी कुठं काय सांगतेय?"

त्या फाटकापर्यंत गेल्या. रस्त्याला लागल्या. कोपऱ्यापर्यंत पोचल्या, घुटमळल्या आणि तरातरा माघारी आल्या.

"छत्री विसरले वाटतं," पायरीजवळून जाताना त्या म्हणाल्या.

भुंगानं मान वर केली नाही. ती दातांनी वायरीचं न सोललेलं टोक कुरतडत होती.

"तुम्ही छत्री आणलीच नव्हती, बाई," ती म्हणाली. "आणि उजेडात उभ्या राहू नका."