मल्हारीचे खुलासे

माझ्या भाच्याला, मल्हारीला, कुणी अर्धवट सांगितलेलं खपत नाही. मधेच तोंड घालून खुलासा करणार. ह्या खोडीपायी त्याची दोन स्थळं मोडली. शहाऐंशी साली मनमाडचं तिसरं आलं, तेव्हा मुलगी बघायला निघतानाच मी त्याला दम भरला, "विचारतील तेवढंच बोल. बाकी मी बघते."

मुलीचे वडील गोटीरामभाऊ रेल्वेत होते. जय भीम झाला, पोहे आले. मी म्हटलं, "आमचा मल्हारी सातपूरच्या कंपनीत कंप्युटर बनवतो."

"बनवत नाही, आत्या," हा लगेच. "मेमरीत कुठल्या कामाला कुठली जागा द्यायची, ते ठरवणारा एक प्रोग्राम असतो. त्याच्या ओळींशेजारी मी खुलासे लिहितो."

"मशीनला कळावं म्हणून?" गोटीरामभाऊंनी विचारलं.

"मशीन ते वाचतच नाही. माणसांसाठी असतात."

मशीनसुद्धा वाचत नाही ते लिहायचा पगार! मी कपाळाला हात लावला.

"मग खुलासा नसला तर काय बिघडतं?" मुलगी, लता, विचारती झाली.

आता हा खुलला. म्हणे, एका जागेपाशी कुणीतरी 'मोकळी' लिहून ठेवलं होतं. जागा दिसायला मोकळी, पण दुसऱ्या कामासाठी राखलेली. पुढच्यांनी विश्वासानं तिथंच आपलं काम घुसवलं, की मशीन बंद. "प्रोग्राम बरोबर होता, खुलासा खोटा होता. मी 'मोकळी' खोडून 'राखलेली, आधी विचारा' असं लिहिलं."

"म्हणजे तुम्ही मोठंच काम केलंत," गोटीरामभाऊ म्हणाले.

"साहेब त्याला काम धरत नाहीत. म्हणून तर नोकरी अजून कायम नाही. आत्यानं स्थळ कळवताना नोकरी कायम आहे म्हणून सांगितलंय, ते चुकीचं. आणि हिवाळ्यात मला दमा होतो."

झालं, वाटोळं! संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्याला ना आई ना बाप. माझ्यामागं ह्याचं कोण बघणार, ह्या एका काळजीनं मला झोप नाही, आणि हा दम्याचं सांगत बसलाय. मी उठले.

"बसा हो, आत्या," लता म्हणाली आणि मल्हारीकडं वळली. "बाबांनी माझं वय चोवीस सांगितलंय. मला सत्तावीस चालू आहे. पोहे वहिनीनं केलेत. मला स्वयंपाक येत नाही आणि हौसही नाही."

गोटीरामभाऊंचा घास हातातच राहिला.

"पोहे खारट झालेत," मल्हारी म्हणाला.

"माहितीय. तुम्ही मला पसंत आहात."

मल्हारी नुसता लाजला. मग आम्ही दोघं खोटारडे, मी आणि गोटीरामभाऊ, मुकाट्यानं लग्नाची तारीख ठरवायला बसलो.