वाटी आन, केस ने

केसांवर भांडी देण्याचा माझा धंदा. वडनेरच्या आजूबाजूची गावं मी डोक्यावर टोपलं घेऊन पालथी घातली, तेव्हा कुठे आज दारात स्वतःची गाडी आहे. विंचरताना निघालेले केस बाया भिंतीच्या फटीत खोचून ठेवतात. मी ते तोलून घेते आणि वाटी, डबा देते. घासाघीस केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही.

त्या हिवाळ्यात खारपाण पट्ट्यातल्या, खाऱ्या पाण्याच्या एका गावी एक बाई पिशवी घेऊन आली. एरवी नुसत्या झाकणासाठी तासभर भांडणारी. पिशवीतले केस गुंतलेले नव्हते. लांब, सरळ, मुळासकट.

"डबा नाही जमत बाई. वाटी घे."

"दे."

ती भांडली नाही, याचीच मला भीती वाटली.

थोड्याच दिवसांत गावभर हात लावला की केसांचा गुच्छा निघू लागला. त्या बाईच्या लेकीचं डोकं पार उघडं पडलं. मग बोट माझ्याकडे वळलं. केस नेते, त्यावर करणी करते. ती बाई माझ्या दारात आली.

"माह्या पोरीचे केस वापस दे. तुह्या पाया पडतो."

"करणी येत असती तं तुह्यावरच आधी केली असती वं, भांडखोरे!"

"पोरगी आरशात पाहत नाही."

माझं डोकं फिरलेलं. "वाटी आन अन् केस ने!" म्हणाले. तिने पदराखालून वाटी काढून आपटली आणि मी पुढे केलेली केसांची पिशवी छातीशी धरून गेली.

पुढे डॉक्टर आले. पाणी नेलं, रक्त नेलं, गहू नेला. कोणी पाण्याला दोष दिला. मग कानावर आलं, गव्हात सेलेनियम नावाचं द्रव्य जास्त होतं, त्यानेच केस गळाले. खाणं बदललं, पोरीच्या डोक्यावर लव आली. पण गावाचा हिशोब वेगळा. केस परत गेले, म्हणून केस उगवले. म्हणजे मीच केलं होतं. माझ्या सौद्यानेच मला चेटकीण ठरवलं. गव्हाला कोणी शिव्या देत नाही.

अजून त्या गावात जाते. का सोडू? हाळी दिली की त्या घराचं दार लागतं. लागण्याआधी पोरगी दिसते, केस कानापर्यंत आलेले, आणि भिंतीच्या फटी रिकाम्या. मग चुलीत काहीतरी पडतं, आणि जळक्या केसांचा वास गल्लीच्या टोकापर्यंत माझ्या मागे येतो.